परोपजीवी गांधीलमाशीच्या नव्या प्रजातीचे वर्णन कसे करावे: नाशिक परिसरातील नवशिक्यांसाठी

कढीपत्त्याच्या झाडावर लिंबावरच्या फुलपाखराचा एक कोष मला मिळाला होता आणि तो मी काचेच्या बरणीत ठेवला होता. दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू आले नाही. कोषाला एक गोल भोक पडले आणि हिरवट झळाळीच्या, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या वीस-पंचवीस गांधीलमाश्या बाहेर पडल्या. नाशिकमध्ये यांची नोंद कुणी केलेली दिसली नाही, तेव्हा आपल्याला नवी प्रजाती सापडली अशी माझी खात्री झाली. पुढे ओळखकिल्ली, म्हणजे एकेका गुणावरून टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणारा तक्ता, हाती आली आणि कळले की ही टेरोमॅलस प्युपॅरम आहे. तिचे वर्णन लिनीयसने १७५८ साली केलेले आहे, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात त्याच ग्रंथात. पहिला धडा अशा रीतीने जरा जास्तच ठळकपणे मिळाला, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच धड्यावर उभा आहे. आपल्याला अनोळखी असणे आणि शास्त्राला अनोळखी असणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कसे मोजावे, आणि मोजून झाल्यावर जे उरते ते कागदावर कसे मांडावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

शब्दांविषयी थोडे

परोपजीवी गांधीलमाशी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत, कोषात किंवा त्यांच्या अंगावर अंडी घालते, आणि तिच्या अळ्या त्या यजमानाला खाऊन वाढतात. उवा किंवा गोचीड यजमानाला सहसा जिवंत ठेवतात. येथे मात्र यजमानाचा मृत्यू ठरलेला असतो. शेतकरी यांना मित्रकीटक म्हणतात, आणि ऊस उत्पादकांना ओळखीचे असलेले ट्रायकोकार्ड म्हणजे यांच्यापैकीच ट्रायकोग्रामा या अर्ध्या मिलिमीटरच्या माशीने आत आपली अंडी घातलेल्या पतंगाच्या अंड्यांचे कार्ड होय.

दुसरा घोळ मराठीचा आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘जाती’ हा खालचा आणि ‘प्रजाती’ हा त्याच्या वरचा गट असतो, तर वर्तमानपत्रांत व बोलण्यात ‘नवी प्रजाती’ म्हणजे सर्वांत खालचा गट, अर्थात स्पीशीज. या लेखात मी रूढ वापर ठेवला आहे. येथे प्रजाती म्हणजे स्पीशीज. तिच्या वरच्या गटाला जीनस आणि त्याच्याही वरच्या गटाला कुल म्हटले आहे.

परवानगी आधी, जाळे नंतर

शेताच्या बांधावर किंवा परसात नमुने गोळा करण्यास जमीनमालकाची संमती पुरते. वनखात्याच्या जमिनीवर ती पुरत नाही. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. अशा ठिकाणी वनविभागाची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय एक माशीही उचलू नये. परवानगीला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज पावसाळ्याच्या बऱ्याच आधी करावा. नमुने परदेशातील तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचावेत. पाकीट टपालात टाकून मग विचारणे महागात पडते. प्रकाशनाच्या वेळी परवानगीपत्राचा क्रमांक मागितला जातो, आणि तो नसल्यास दोन वर्षांचे काम अडून राहते.

नमुने: पाळून मिळवलेले सर्वांत चांगले

पद्धती बऱ्याच आहेत. गवतावरून फिरवण्याचे जाळे आहे, तंबूसारखा मॅलेझ सापळा आहे, आणि सर्वांत स्वस्त म्हणजे पिवळी थाळी आहे. पिवळ्या प्लास्टिकच्या वाडग्यात पाणी व भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून तो जमिनीत रिमपर्यंत पुरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या बारीक गाळणीतून गाळून घ्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्र्यंबक-हरसूलकडच्या माळावर अशा दहा थाळ्यांतून एका दिवसात जे निघते, त्याची छाननी करायला महिनाभर पुरत नाही.

तरीही नवशिक्याने सुरुवात यजमान पाळण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. सापळ्यात आलेली माशी कुठून आली, कशावर वाढली आणि तिचा नर कोणता हे सापळा सांगत नाही. एकाच कोषातून नर व मादी दोन्ही निघाल्यास जोडी आपोआप जुळते, आणि यजमानाची नोंद असलेले वर्णन बिनयजमानाच्या वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचे वेळापत्रक सुरू होते, त्यामुळे बागेच्या आत फारसे हाती लागत नाही. बांधावरची झाडे, परसबाग, न फवारलेल्या टोमॅटोच्या पानातील नागअळी, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि करंजाच्या पानांवरच्या गाठी या जागा जास्त देतात. उंबर फोडले की बाहेर पडणारे बारीक ‘किडे’ बहुतेक गांधीलमाश्याच असतात. त्यांतल्या काही परागण करणाऱ्या, काही फळातच गाठ करणाऱ्या आणि काही या दोघींवर जगणाऱ्या असतात. घराच्या भिंतीवर कुंभारीण मातीचे घरटे करते, त्यातूनही मेलिटोबिया नावाची इवलीशी परोपजीवी माशी निघू शकते. तिचा नर मादीहून इतका वेगळा दिसतो की दोघे वेगवेगळ्या गटांतले वाटावेत.

यजमानाचा प्रत्येक कोष किंवा अळी वेगळ्या नळीत ठेवावी. एका बरणीत पाच प्रकारच्या अळ्या टाकल्यास कोणती माशी कोणातून निघाली हे कायमचे हरवते. नळीला बूच न लावता कापसाचा घट्ट बोळा लावावा, म्हणजे आत ओल साचत नाही आणि बुरशी येत नाही. माश्या बाहेर पडल्यावर त्यांना लगेच मारू नये; चोवीस तास मधाच्या बोटावर जिवंत ठेवावे, कारण कोवळ्या माशीचे कवच टणक झालेले नसते, रंग पक्का झालेला नसतो आणि सुकल्यावर ती आक्रसते. यजमानाची रिकामी कात किंवा कोष फेकू नये. यजमानाची ओळख चुकल्याची शंका पुढे कुणी घेतली, तर उत्तर त्या कातीतच असते.

जतन आणि चिठ्ठी

नमुने ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावेत; त्यामुळे डीएनए टिकतो. ७० टक्क्यांत अंग लवचिक राहते, पण डीएनए हळूहळू खराब होतो. अल्कोहोलमधून काढून नुसत्या हवेवर सुकवलेली छोटी माशी मनुक्यासारखी चुरमडते, म्हणून प्रयोगशाळेत तिला एचएमडीएस या रसायनातून काढून सुकवतात. त्याची वाफ घातक असते, म्हणून हे काम घरी स्वयंपाकघरात करू नये. सुकलेली माशी जाड कागदाच्या लहान त्रिकोणाच्या टोकाला, वक्षाच्या उजव्या बाजूने, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवतात आणि त्रिकोण कीटकसुईवर बसवतात. गोंद पाण्यात विरघळणारा असावा, कारण पन्नास वर्षांनी कुणाला ती माशी सोडवून दुसऱ्या बाजूने पाहायची असेल. ट्रायकोग्रामा किंवा परीमाश्यांसारख्या अगदी बारीक प्रकारांना काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवावे लागते. ते कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. एखाद्या अनुभवी माणसाशेजारी बसून पहिल्या तीस काचपट्ट्या बिघडवाव्या लागतात.

आता चिठ्ठी. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच कामातली आहे. पहिल्या वर्षी मी नळ्यांत बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. अल्कोहोलने शाई धुऊन काढली, आणि चाळीस नळ्यांत निळसर पाणी व कोरे कागद उरले. माश्या सुंदर होत्या, पण त्यांचा शास्त्रीय उपयोग शून्य झाला. नळीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी किंवा टिकाऊ कागदावर न विरघळणाऱ्या शाईने छापावी, आणि ती नळीच्या आत असावी. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी एक दिवस सुटतेच.

चिठ्ठीवर देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, पद्धत आणि यजमान एवढे हवे. जिल्ह्याचे नाव वगळून नुसते ‘पिंपळगाव’ लिहिणाऱ्याने महाराष्ट्रात पिंपळगाव किती आहेत याचा विचार करावा. एकट्या नाशिक जिल्ह्यातही ‘बसवंत’ जोडल्याशिवाय भागत नाही. जुन्या चिठ्ठ्यांवर शहराचे नाव ‘नासिक’ असे आढळते, तेव्हा शोधताना दोन्ही रूपे पाहावीत. महिना रोमन अंकांत लिहिण्याची प्रथा आहे आणि ती पाळण्यात फायदा आहे. ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा प्रश्न शंभर वर्षांनी विचारणाऱ्याला उत्तर देणारे कुणी नसते.

कुल आणि जीनसपर्यंत पोहोचणे

पाहण्यासाठी चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो पसरट, मऊ प्रकाश. चकाकणाऱ्या माशीवर थेट दिवा मारला की पृष्ठभागावरची बारीक जाळी दिसतच नाही. माशीभोवती ट्रेसिंग पेपरची नळकांडी उभी केली की तीच जाळी स्पष्ट होते. या युक्तीला खर्च जवळजवळ नाही, आणि तिच्याइतका फरक महागड्या भिंगानेही पडत नाही.

पहिली विभागणी पंखांवरून होते. पुढच्या पंखात शिरांचे भरपूर जाळे असेल, तर इक्न्युमोनिडी किंवा ब्रॅकोनिडी ही दोन मोठी कुले आधी तपासावीत. इक्न्युमोनिडीत ‘दुसरी रिकरंट’ म्हणून ओळखली जाणारी शीर जवळजवळ नेहमी असते, ब्रॅकोनिडीत ती नसते. पंखाच्या कडेने जाणारी एकच शीर आणि तिला फुटलेला छोटा फाटा एवढेच दिसत असेल, तर ती बहुधा कॅल्सिड गटातली आहे. मग पायाच्या टोकाचे खंड मोजावेत. तीन असल्यास ट्रायकोग्रामॅटिडी, चार असल्यास बहुधा युलोफिडी आणि पाच असल्यास उरलेली बरीच कुले समोर येतात. टेरोमॅलिडी या अवाढव्य कुलाचे २०२२ साली अनेक कुलांत विभाजन झाले, त्यामुळे जुनी ओळखकिल्ली वापरताना उत्तर बरोबर येऊनही कुलाचे नाव आज वेगळे असू शकते. नव्या माणसाने एकच जीनस किंवा फार तर एक छोटा गट निवडावा आणि त्यातच राहावे. सगळ्याच गांधीलमाश्या ओळखू पाहणाऱ्याला शेवटी कोणतीच नीट ओळखता येत नाही.

नवी आहे हे कशावरून?

सर्वांत जास्त वेळ येथे लागतो आणि लागायलाच हवा. जीनस ठरल्यावर त्या जीनसमधल्या आजवर वर्णन झालेल्या सर्व प्रजातींची यादी करावी. यादी केवळ भारताची करू नये. निदान संपूर्ण आशियाची करावी, आणि यजमान जगभर पसरलेली कीड असेल तर जगाची करावी, कारण कीड जिथून आली तिथली परोपजीवी माशीही तिच्यामागून आलेली असू शकते. कॅल्सिड गटासाठी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जॉन नॉयस यांनी उभारलेला सार्वत्रिक माहितीसाठा हा या कामाचा आधार आहे, आणि जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर विनामूल्य वाचता येतात. नाशिकमध्ये बसून हे साहित्य वाचता येणे ही फार मोठी सोय आहे. एका मूळ वर्णनाची झेरॉक्स मिळवण्यासाठी पूर्वी पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांत खेटे घालावे लागत.

यादीतल्या प्रत्येक प्रजातीचे मूळ वर्णन वाचावे. नंतरच्या लेखकाने दिलेल्या सारांशावर विसंबू नये. अडचण अशी की जुनी वर्णने अनेकदा अपुरी असतात. पीटर कॅमेरॉन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी भारतातून पाठवलेल्या पुष्कळ गांधीलमाश्यांना ब्रिटनमध्ये बसून नावे दिली. त्यांची वर्णने रंगावर इतकी अवलंबून आहेत की त्यावरून प्रजाती ओळखणे बऱ्याचदा अशक्य होते. अशा वेळी मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहण्यावाचून गत्यंतर नसते. टाइप लंडन, कोलकाता येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, दिल्लीचा राष्ट्रीय पूसा संग्रह किंवा अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग अशा ठिकाणी असतात. तेथील संग्रहपालांना नम्र आणि नेमके पत्र लिहावे. ‘माहिती द्यावी’ असे मोघम मागण्यापेक्षा ‘या प्रजातीच्या टाइपचे डोके समोरून आणि पुढचा पंख यांची छायाचित्रे हवीत’ असे लिहिल्यास उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

चुकीचे साम्य जितके फसवते तितकाच चुकीचा भेदही फसवतो. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस या प्रजातीचे नर पतंगांच्या अंड्यांतून निघाले तर पंखवाले असतात आणि सायालिस नावाच्या एका पाणकीटकाच्या अंड्यांतून निघाले तर बिनपंखी असतात. प्रजाती एकच, यजमान बदलला की रूप बदलते. लहान यजमानातून निघालेली माशी लहान, फिकट आणि कमी खाचांची असू शकते. थंडीत वाढलेली अधिक काळपट होते. म्हणून एका नमुन्यावरून प्रजाती उभी करण्याचा मोह टाळावा. दहा-वीस नमुने, दोन-तीन ठिकाणांहून, शक्यतो दोन हंगामांतून असावेत, आणि नवा म्हणून सांगितलेला गुण या सर्वांत टिकून राहावा.

कोणता गुण पाहायचा हे ठरवण्यातही एक धडा आपल्याच देशातला आहे. उसाच्या खोडकिड्यांच्या अंड्यांवर सोडली जाणारी ट्रायकोग्रामा बाहेरून पाहता तिच्या भाईबंदांसारखीच दिसते, आणि भारतात ती कित्येक वर्षे भलत्याच नावांनी वावरली. १९७१ साली सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी नराच्या जननेंद्रियांची रचना पाहिल्याशिवाय या जीनसमध्ये प्रजाती सांगता येत नाही हे दाखवून दिले. त्यानंतरही आपली माशी आधी ऑस्ट्रॅलिकम, मग कन्फ्यूजम आणि अखेर १९४१ साली जपानमध्ये वर्णन झालेली चिलोनिस ठरली. यांतले मधले नाव फारच समर्पक होते असे म्हणावे लागते. तात्पर्य, आपल्या जीनसमध्ये भेद करणारा गुण कोणता हे आधी शोधावे. रंग आणि आकारमान यांवर थांबू नये.

डीएनएची मदत आणि तिची मर्यादा

मायटोकाँड्रियातील सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेणे आता भारतातील अनेक खासगी प्रयोगशाळांतून करता येते. दिसायला सारख्या दोन माश्यांत मोठा फरक निघाला तर पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे ते चांगले कारण असते, आणि नर-मादी जोडण्यासही हा तुकडा उपयोगी पडतो. पण ‘दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे नवी प्रजाती’ हा नियम नाही. परोपजीवी माश्यांत व्होल्बाकिया नावाचा जिवाणू सर्रास आढळतो. तो आईकडून मायटोकाँड्रियाच्या बरोबरीने पुढे जातो, त्यामुळे एका प्रजातीत दोन ठळक शाखा दिसू शकतात किंवा दोन प्रजातींत एकच क्रम आढळू शकतो. २०२१ साली कोस्टारिकातील ब्रॅकोनिडी कुलातल्या ४०३ नव्या प्रजाती मुख्यतः या तुकड्याच्या आधारे जाहीर झाल्या आणि वर्गीकरणाच्या क्षेत्रात मोठा वाद झाला. मला त्या वादात टीकाकारांची बाजू पटते. क्रम वाचायची सोय नसलेल्या कृषी सहायकाला, पानावरची माशी हातात घेऊन, त्या वर्णनाचा काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. डीएनए काढताना मुख्य नमुना कुटून टाकू नये. एक पाय घ्यावा किंवा कवच शाबूत ठेवणारी पद्धत वापरावी.

वर्णन लिहिणे

वर्णनाचे दोन भाग वेगळे ठेवावेत. पहिला भाग भेददर्शक टिपण. ही प्रजाती तिच्या सर्वांत जवळच्या प्रजातींपासून नेमकी कशी वेगळी आहे, ते चार-सहा ओळींत. दुसरा भाग म्हणजे डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंतचे तपशीलवार वर्णन. भेददर्शक टिपण आधी लिहावे. ते लिहिता येत नसेल तर बहुधा प्रजाती नवी नाही, किंवा आपला अभ्यास पुरा झालेला नाही.

‘शृंगिका लांब, शरीर गडद, पंख पारदर्शक’ (शृंगिका म्हणजे डोक्यावरच्या मिशा) हे वाक्य शेकडो प्रजातींना लागू पडते. त्याऐवजी असे लिहावे: ‘मादीच्या शृंगिकेतील दांड्याचा पहिला खंड रुंदीच्या २.१ ते २.४ पट लांब असतो, तर अमुक प्रजातीत तो १.५ पटींहून कमी असतो. अंडनिक्षेपकाचा बाहेर दिसणारा भाग मागच्या पायाच्या नडगीच्या निम्म्याहून लांब असतो.’ आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. लक्षात घेण्याजोगे हे की मिलिमीटरपेक्षा गुणोत्तर जास्त विश्वासार्ह असते, कारण यजमानानुसार माशी लहान-मोठी झाली तरी प्रमाण सहसा कमी बदलते. मागच्या दोन साध्या नेत्रांमधले अंतर आणि त्यांतील एका नेत्रापासून संयुक्त नेत्रापर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर तर जवळजवळ प्रत्येक वर्णनात येते. प्रत्येक मोजमाप किमान पाच-दहा नमुन्यांवर घ्यावे आणि किमान-कमाल मर्यादा द्यावी. मोजण्यासाठी इमेजजे ही विनामूल्य आज्ञावली पुरते.

पृष्ठभागाच्या पोतासाठी गटातील प्रस्थापित संज्ञाच वापराव्यात. वर्णन इंग्रजीत लिहिले जाणार असल्याने हा प्रश्न मराठीचा नाही, पण नवशिका येथे हमखास घसरतो. ‘खडबडीत’ लिहिल्यास वाचणाऱ्याला जाळी, खाचा की रेघा हे कळत नाही. शिस्त म्हणून सर्वांत जवळच्या प्रजातीचे अलीकडचे चांगले वर्णन समोर ठेवावे आणि त्याच क्रमाने, त्याच संज्ञांत आपले लिहावे. दोन्ही शेजारी ठेवले की ओळीला ओळ जुळली पाहिजे. त्याचबरोबर त्या जीनसची ओळखकिल्ली उपलब्ध असेल तर आपली प्रजाती तीत कुठे बसते तेही द्यावे.

छायाचित्रे निदान एवढी हवीत: संपूर्ण शरीर बाजूने व वरून, डोके समोरून, शृंगिका, पुढचा पंख, वक्षाचा मागचा भाग आणि अंडनिक्षेपक. नर असेल तर त्याचीही. वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली अनेक चित्रे एकत्र जोडून एक स्पष्ट चित्र करण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. प्रत्येक चित्रावर मोजपट्टी हवी. लिहून झाले की एक साधी परीक्षा करावी. माशी कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला आपले वर्णन आणि दोन प्रजातींचे मिसळलेले दहा नमुने द्यावेत. त्याने ते बरोबर वेगळे केले नाहीत तर दोष त्याचा नसतो.

होलोटाइप आणि त्याचे घर

एका नमुन्याला होलोटाइप ठरवावे लागते. पुढे कितीही वाद झाले तरी ते नाव त्या एका नमुन्याशी बांधलेले राहते. म्हणून तो पूर्ण, दोन्ही शृंगिका शाबूत असलेला आणि ज्या लिंगात भेद स्पष्ट दिसतो त्याच लिंगाचा निवडावा. त्याला लाल चिठ्ठी लावण्याची प्रथा आहे. त्याच मालिकेतले इतर नमुने पॅराटाइप होतात.

होलोटाइप स्वतःच्या कपाटात किंवा महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवू नये. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवणे आणि नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. नाशिककरांना सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्र. शेतीशी निगडित माश्यांसाठी बंगळुरूचे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो हा दुसरा योग्य पर्याय आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार हेच सांगतो. घरच्या कपाटात एका पावसाळ्यात बुरशी येते किंवा बारीक भुंगेरे नमुन्यांचा भुगा करतात. संस्थेकडून मिळालेला नोंदणी क्रमांक लेखात द्यावा.

नाव

प्राणिशास्त्रीय नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, तिची सध्याची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे, ती निदान संबंधित कलमांपुरती स्वतः वाचावी. नाव रोमन लिपीत असावे लागते. प्रजातीचे नाव विशेषण असल्यास ते जीनसच्या व्याकरणिक लिंगाप्रमाणे चालते. ट्रायकोग्रामा हा शब्द दिसतो स्त्रीलिंगी, पण ग्रीक मुळामुळे तो नपुंसकलिंगी आहे. म्हणून जपानवरून दिलेले नाव तिथे जापोनिकम होते, आणि नाशिकवरून द्यायचे झाल्यास ते नाशिकेन्सिस नसून नाशिकेन्से असे होईल. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव देताना पुरुषासाठी शेवटी ‘आय’ आणि स्त्रीसाठी ‘एई’ लागतो. स्वतःचे नाव देण्यास संहितेत मनाई नाही, तरी तसे सहसा कुणी करत नाही. स्थळ, यजमान किंवा ठळक गुण यांवरून दिलेले नाव मला जास्त पसंत आहे, कारण ते पुढच्या वाचकाला काहीतरी सांगते. त्याच जीनसमध्ये ते नाव पूर्वी वापरलेले नाही याची खात्री मात्र करावी.

नाव ठरल्यावर ते मनात ठेवावे. लेख प्रसिद्ध होण्याआधी ते वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात गेले, तर वर्णनाविना फिरणारे ते नाव ‘नोमेन न्यूडम’, म्हणजे उघडे नाव, होऊन बसते आणि गोंधळ वाढवते. बातमी लेखानंतर.

प्रकाशन

संहितेच्या किमान अटी थोड्या आहेत पण कडक आहेत. प्रजाती नवी असल्याचे लेखात स्पष्ट म्हटलेले असावे, ती इतरांहून कशी वेगळी हे शब्दांत दिलेले असावे, होलोटाइप निश्चित केलेला असावा आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते नमूद असावे. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकासाठी २०१२ सालच्या दुरुस्तीनुसार आणखी एक अट आहे. लेखाची नोंद प्रकाशनाआधी झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत झालेली असावी आणि त्या नोंदीचा पुरावा खुद्द लेखात छापलेला असावा. तो राहून गेल्यास उत्तम वर्णनही नामकरणाच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ हायमेनोप्टेरा रिसर्च आणि कोइम्बतूरहून निघणारे जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा या नियतकालिकांना ही पद्धत अंगवळणी पडलेली आहे. आठवड्यात छापून देतो, पैसे भरा, असे पत्र पाठवणाऱ्यांपासून दूर राहावे. तिथे परीक्षण होत नाही, आणि चुकीचे नाव मागे घेता येत नाही. ते समानार्थी नाव म्हणून पुढच्या प्रत्येक यादीत आपल्या आडनावासह राहते.

परीक्षकांनी ‘ही अमुक प्रजाती नाही कशावरून?’ असे विचारले तर वाईट वाटून घेऊ नये. तो प्रश्न छापण्याआधी आला हे आपले भाग्य असते.

या खटाटोपाचा शेतीशी संबंध काय, असे निफाडच्या एका बागाईतदाराने मला विचारले होते. मी त्यांना पपईची गोष्ट सांगितली. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली भारतात नोंदला गेला आणि दक्षिणेतल्या बागा त्याने पांढऱ्या केल्या. २०१० साली प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी ही गांधीलमाशी आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. त्या माशीचे वर्णन नवी प्रजाती म्हणून २००३ सालीच प्रसिद्ध झाले होते. नाव, चित्रे आणि टाइप उपलब्ध होते, म्हणून कोणती माशी मागवायची हे पत्रात लिहिता आले. त्यांनी यावर आपल्या शेतातल्या पिठ्या ढेकणाची एक फांदी मला आणून दिली.

लेख छापून आल्यावर त्याची एक प्रत नमुने जमा केलेल्या संस्थेला आणि एक जमीनमालकाला द्यावी. उरलेले पॅराटाइप एकाच ठिकाणी न ठेवता दुसऱ्या एखाद्या संग्रहातही पाठवावेत. वर्णनात नर आलेला नसेल, तर पुढच्या हंगामात त्याच बांधावरच्या त्याच झाडावरून यजमान पुन्हा गोळा करावेत. झाड कोणते हे वहीत लिहून ठेवलेले असतेच. नसेल तर आजच लिहावे.